शेवटचं कोण?

सिएनफुएगोसच्या त्या पावाच्या दुकानापुढे
रांग म्हणून दिसत नाही.
कुणी बदामाखाली, कुणी बंद दवाखान्याच्या पायरीवर,
एकजण तर समोरच्या न्हाव्याकडे अर्धी दाढी करून बसलाय.

नवा माणूस येतो, हवेलाच विचारतो,
"शेवटचं कोण?"
नेरेइदा मान न वळवता बोट वर करते.
बस्स. आता शेवटचा तो,
आणि ती मोकळी, वारा घ्यायला.
पुढचं माणूस येईपर्यंत
शेवटचेपण सांभाळायचं असतं,
शेजारणीचं तान्हं मांडीवर घेतल्यासारखं.

आज एक तरणा पोरगा आला, कोरे बूट,
तडक खिडकीशी, नोट पुढे.
आरडाओरडा नाही झाला.
न्हाव्याचा वस्तरा तेवढा थांबला.
नेरेइदाच म्हणाली, "बाळा, तुझ्या पुढे कोण?"
त्याने मागे पाहिलं, डावीकडे, उजवीकडे.
एवढी माणसं, आणि त्याच्या पुढचं
त्यांतलं कुणीच नव्हतं.
नोट घडी होऊन खिशात गेली. कान लाल.
"विचार की," अर्ध्या दाढीचा म्हणाला,
"विचारायला पैसे पडत नाहीत."

साडेअकराला पाव संपला.
खिडकी लागली. लिओविहिल्दोची पिशवी
आली तशीच, घडीची घडी.
तो उठणार, तेवढ्यात कोपऱ्यावरून
एक बाई धापा टाकत आली:
"शेवटचं कोण?"

सवयीने त्याचा हात वर गेला.
तसाच राहिला थोडा वेळ.
मग तो पायरीवर जरा सरकला,
तिला बसण्यापुरता.