एकोणीस किलो चारशे

भाऊंनी घडवलेलं ते तांब्याचं चित्र,
मधे कमळ, कडेनं मासे, त्यातल्या एकाला डोळाच नाही,
सागाच्या फळीवर ठोकलेलं.
पातळ चादरीत गुंडाळून रिक्षानं नेलं
रद्दीवाल्या ओसवालकडे, काट्यावर ठेवलं.
एकोणीस किलो चारशे.
"मोडीत देताय? भाव चांगलाय आज."
म्हटलं, नुसतं वजन हवंय.
असलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नसावं.

धायरीतला सातवा मजला, हप्ते अजून सोळा वर्षं.
पलंगाच्या डोक्याशी पेन्सिलीनं फुली मारून
मी तीन इंची खिळा घेऊन तयार होते.

दस्तगीर आला, सोलापूरकडचा.
ड्रिलची पेटी खाली ठेवली, चहाला नको म्हणाला,
आणि बोटाच्या पेरानं भिंत वाजवत गेला
खिडकीपासून दारापर्यंत,
कलिंगड घेताना वाजवतात तशी.
"ताई, ही भिंत नाही, बिस्कीट आहे.
खिळा दोन महिने धरेल. मग सोडेल.
रात्रीचंच सोडतात हे."
मग उशांकडे बघून,
"इथं कोण झोपतं?"

मी आणि धाकटी.
थुंकी लावून बोटानं फुली पुसली.

बटणाच्या सरळ वर नको, तिथनं वायर जाते.
न्हाणीच्या भिंतीत नको, पाइप.
टीव्हीच्या वर म्हटलं तर त्यानं उत्तरच दिलं नाही.
शेवटी बोळात,
जिथे अडीच फुटी खांब पुढे आलाय,
ज्याच्यापायी कपाट बसलं नाही
आणि ज्याला आम्ही तीन वर्षं शिव्या घातल्या,
तिथे त्यानं पेर वाजवलं.
आवाजच आला नाही.
"हा धरेल. अख्खी बिल्डिंग धरतोय हा."

भाऊंना शेवटची अकरा वर्षं ऐकू येत नव्हतं.
तांबट आळीतल्या कानांचं तसंच होतं.
पत्रा कुठे पातळ झालाय ते मात्र
नुसता तळवा टेकवून सांगायचे.
मला काय झालंय ते त्यांना
ओरडून सांगावं लागे.
पुढे पुढे मी सांगणंच सोडलं.

सोसायटीत ड्रिल दहा ते एक.
पावणेएकला चौथं भोक.
मधे एकदा सळई लागली, तो थांबला,
दोन बोटं सरकला.
दोरी नको, म्हणाला, दोरी कुजते.
तार नको, सगळा भार एकाच खिळ्याच्या जिवावर.
दोन पट्ट्या तिरक्या कापल्या, एक खांबाला, एक चित्राच्या पाठीला;
ही तिच्या खांद्यावर बसते,
आणि वजन जितकं जास्त, तितकी घट्ट.
भोकांत नळीतला गोंद पिळून, बोल्ट खोचून म्हणाला,
उद्यापर्यंत हात लावायचा नाही. फुंकरसुद्धा नको.

त्या रात्री चित्र बोळात उभं होतं,
तोंड भिंतीकडे.
पाणी प्यायला उठले, दिवा लावला,
आणि पहिल्यांदाच त्याची पाठ नीट पाहिली.
सागावर बाण, "वर".
त्याखाली भाऊंचं बोजड अक्षर:
१९ किलो १००. दोघांनी धरणे.

तीनशे ग्रॅम चादरीचे.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर एकटाच उचलायला लागला.
थांबा, म्हटलं, आणि दुसरी बाजू धरली.
पट्टीवर पट्टी बसली तेव्हा
खट् असा लहानसा आवाज झाला.
पातळीतला बुडबुडा मधे येईना, मग आला.
त्यानं खाली लोंबकळून पाहिल्यासारखा जोर दिला,
खांब काही बोलला नाही.

बोळ अरुंद, समोरून ते कुणालाच दिसत नाही.
जाता येता कोपर घासतं.
धाकटी दूध घेऊन जाताना
बिनडोळ्याच्या माशावर बोट टेकवते,
डोळा असायला हवा तिथे बरोब्बर.
तिथलं तांबं आता लखलखायला लागलंय.

ओसवाल परवा परत विचारत होता.
भाव वाढलाय म्हणे.