दोघांनाही शॉकअपच

मिरजेत दोघांनाही शॉकअपच म्हणतात.
बिलावर तेच, स्पेअरवाल्याच्या तोंडी तेच.
भंगारवाला तर किलोवर घेतो, त्याला काय.

माझ्या आयटीआयच्या वहीत दोन वेगळ्या आकृत्या होत्या,
पेन्सिलीनं काढलेल्या, नावं दिलेल्या.
दस्तगीरमामांनी वही मिटली, मागची बाजू उचलली.
दोन्हीकडची तेलकट नळकांडी काढून ठेवली.
"आता सोड खाली."
गाडी उभी राहिली, काही झालंच नाही अशी.
डिकीवर हात दाबला तर
वर, खाली, वर, खाली, वर,
थांबायचं कुठं तेच विसरली.
"वजन स्प्रिंग धरतीया. ह्यो नुसतं म्हणतोय, बास आता."

मग पुढची बाजू.
इथं स्प्रिंग त्याच्याच अंगावर चढलेली.
खालचे दोन बोल्ट निघाले, आणि हब डिस्कसकट
बाहेर कललं, बसल्याबसल्या झोपलेल्याची मान पडावी तसं.
मी ते दोन्ही हातांनी धरून राहिले.
"ह्यो स्ट्रट. बासबी म्हणतोय, वजनबी घेतोय,
चाक वळलं की संगं वळतोय.
ह्यो काढून गाडी खाली सोडायची न्हाई, पोरी."

स्प्रिंगला क्लॅम्प लावताना मामा बोलत नाहीत.
मला दोन पावलं मागं उभं करतात.
भूपालअण्णांच्या करंगळीचं एक पेर
असंच कधी गेलंय.

अण्णा म्हणजे भागीदार, काउंटरवरचे.
तापलेल्या गिऱ्हाइकाला आधी चहा.
ते महिनाभर लेकीकडं जतला गेले तेव्हा गॅरेज चाललं,
पण सकाळचं भांडण संध्याकाळपर्यंत हलत राहायचं.
मामांना डेंग्यू झाला तर शटरच उघडलं नाही.

मी हे मामांना सांगितलं, जरा ऐटीतच.
गाडीखालून आवाज आला,
"आन् जागेचं भाडं कोण भरतंय? सतराचा पाना दे."

तासगावचा बेदाणेवाला बिल बघून उडालाच.
"शॉकअपला एवढे?"
मी लिहिलं होतं: पुढे स्ट्रट, मागे शॉक,
अलाइनमेंट वेगळं.
अण्णा हळूच म्हणाले, शॉकअप कर की, मिटेल.
मी नाही खोडलं.
त्यांनी चहा सांगितला.

गाडी म्हैसाळ रस्त्याला लागली.
वळणाआधीच्या खड्ड्यात एकदा दबली, वर आली.
मी दारात उभी राहून मोजत होते.
दुसऱ्यांदा नाही.