निळ्यावर एकमत

सकाळी उणे एकोणीस.
मागच्या अंगणात बर्फ गुडघ्याच्या वर,
आणि ऑरिन पायजम्यावरच कोट चढवून
फीडरपर्यंत फावड्यानं वाट काढतोय.
फीडर म्हणजे आमची जुनी टपालपेटी,
बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं दोनदा उडवलेली.
पुढचं दार काढून त्यानं ती खांबावर ठोकली,
आत शेंगा ओतल्या, भाजलेल्या, बिनमिठाच्या.
म्हणाला, बिलं तरी येणार नाहीत आता हिच्यात.

मी सिंकपाशी,
कॅमेरा पिठाच्या डब्यावर टेकवून.
तीस वर्षं शाळेची बस चालवली,
वाट पाहणं मला येतं.
नेमक्या क्षणी बोट दाबणं अजून येत नाही.

आले.
आधी एक, मेपलच्या फांदीवर, मान तिरकी.
मग तिघं.
पहिला ब्ल्यू जे शेंग उचलतो, हलवतो, टाकतो.
दुसरी उचलतो. हीही पोचट.
तिसरी जरा वजनदार लागते तेव्हा कुठे
तुरा खाली बसतो त्याचा.
इतकी पारख मी कलिंगड घेतानाही केली नाही,
नवरा करताना तर नाहीच.

पुस्तिका म्हणते, सेकंदाचा हजारावा भाग पुरे.
माझ्याकडे आहेत
रिकाम्या टपालपेटीचे सत्तावन्न फोटो,
शेपटीचे अकरा,
एकात नुसती हवेत लटकलेली शेंग,
आणि एकात काचेत उमटलेली मी,
तोंड उघडं, केस विंचरायचे राहिलेले.

परवा त्यातलाच एक
अगदी ससाण्यासारखा ओरडला.
बारकी पाखरं झुडपात पसार,
खारही खांबावरून उलटी घसरली,
आणि हा लबाड सावकाश उतरला,
एकटाच जेवायला बसला.
मी इतकी हसले की कॅमेरा हलला.
तो फोटो म्हणजे नुसता निळा फराटा.

लग्नाआधीच ऑरिननं सांगून टाकलं होतं,
मला लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही.
मी म्हटलं, चालेल.
चाललंही.
सिग्नलला तो वरचा दिवा की खालचा एवढंच बघतो.
टोमॅटो कच्चेच तोडून आणतो, अभिमानानं.
बर्फात कार्डिनल बसला की मी ओरडते, बघ, निखारा!
तो म्हणतो, कुठला, तो मळकट?
एक्केचाळीस वर्षं
एकाच खिडकीतून आम्ही दोन अंगणं बघतोय.

पण निळा त्याला दिसतो.
मला दिसतो तसाच, असं तो म्हणतो,
आणि हे तपासणार कोण?
म्हणून हिवाळाभर शेंगा. पोत्यानं.
पेन्शनमधून.

मार्चमध्ये बर्फ बसला तेव्हा
वाटेवर एक पीस सापडलं.
काळे पट्टे, टोकाला पांढरं, मध्ये तो निळा.
ऑरिननं ते टेबलावरच्या दिव्यासमोर धरलं,
उजेड मागून आला,
आणि निळा गेला.
करडं-तपकिरी, वाळक्या पानासारखं.
फिरवलं, निळं. पुन्हा धरलं, गेलं.
पक्ष्यांच्या पुस्तकात मी शोधलं:
पिसात निळा रंग नसतोच म्हणे,
उजेडच त्यात अडकून तसा परततो.

ऑरिन बराच वेळ पीस फिरवत राहिला.
मग म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं
आपलं एकमत होतं ते नसलेल्या रंगावर?
आणि खदखदून हसला,
दात काढून ठेवलेल्या तोंडानं.

मी म्हटलं, हलू नकोस.
दिव्यासमोरचं पीस, त्याचा अंगठा,
नखात शेंगेचं साल.
खटक.
वर्षातला पहिला फोटो, ज्यात काहीही हललेलं नाही.
आणि सगळा तपकिरी.

तोच त्यानं फ्रिजवर लावलाय.
शेजारची डेलोरिस येते, चष्मा वर करते,
विचारते, हे कुठल्या पक्ष्याचं?
ऑरिन शेंगांचं पोतं उचलता उचलता सांगतो,
निळ्या.