परतीच्या बोलीवर

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला
की नगरपालिका चौकात दोर बांधते.
दोराला धरून माणसं रस्ता ओलांडतात.
मीही तशीच येते विद्यापीठात,
तळमजल्यावर, बॉयलरशेजारच्या खोलीत.
दारावर पाटी: आंतरग्रंथालयीन देवघेव.
अर्धी अक्षरं उडालीत. कुणी वाचत नाही.

मार्चमध्ये नाउएल कार्कामो आला,
हातमोज्यात ओलं शेवाळ घेऊन.
त्याला दलदलीतल्या शेवाळांवरचं जुनं पुस्तक हवं होतं.
आमच्याकडे नाही. राजधानीतही नाही.
देशभरच्या यादीत एकच प्रत, वाल्दिव्हियाला.
मी मागणी पाठवली,
शेजारणीकडे विरजण मागावं तशी.
एकोणीस वर्षं मागतेय,
दारात उभं राहायचा संकोच काही जात नाही.

सतरा दिवसांनी आलं. बस, मग बोट,
चार दिवस खाड्याखाड्यांतून, मग पुन्हा बस.
पाकिटावर खाऱ्या पाण्याचा पांढरा ओघळ.
पानं मोजून घ्यायची असतात, मोजली:
एकशे बारानंतर थेट एकशे एकोणीस.
फाडलेली नव्हती. भिजून सुटली असावीत.
कडेनं एक तपकिरी लाट वाळून राहिलेली
आणि पेन्सिलीनं कुणीतरी:
मे १९६०, तळघर.
बाकी काही लिहायला
तेव्हा कुणाला सवड असणार?

नाउएलला नेमकी तीच सहा पानं हवी होती.

म्हणून कॉन्सेप्सिओनच्या रिगोबेर्तोला विचारलं.
त्याला मी कधी पाहिलेलं नाही.
त्याचा सात ओळखते, पोटात आडवी रेघ असलेला.
एका हिवाळ्यात महिनाभर
त्याच्या चिठ्ठ्या परक्या अक्षरात आल्या.
मी कारण विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.
त्याच्याकडे चौदा खोकी पडून होती,
कुणा वारलेल्या प्राध्यापकाची, नोंद न झालेली.
नवव्या खोक्यात मिळालं, असं कळवलं त्यानं,
आणि धुळीनं शिंका येताहेत, असंही.

सहा पानांची छायाचित्रं आली.
एकशे सोळाच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा,
नख वेडंवाकडं कापलेलं.

माझी आई चिलोए बेटावरची.
शेजारचं भांडं रिकामं परत करू नये म्हणायची,
काही नसेल तर दोन बटाटे ठेव.
नियमावली म्हणते, जसं आलं तसं परत करावं.
मी दोघींचंही ऐकत आलेय,
पण काल रात्री जाड कागद घेतला,
मापानं कापला,
सहा पानं छापून जागच्या जागी ठेवली.
शिवली नाहीत. तो मान त्यांचा.

आता परतीचा फॉर्म भरतेय.
'पुस्तकाची स्थिती' या रकान्यात
तीनच चौकटी: उत्तम, बरी, खराब.
मी समासात लिहिलं,
आलं त्यापेक्षा थोडं जड.

अंगठा मात्र कापला नाही.