खुरांची वही

मेंढीचा पाय उचलून नाकाशी धरते
म्हणून भुवनपाडा हसतो मला.
हसू दे.
सडका खूर आधी नाकाला कळतो,
डोळ्याला कळेस्तोवर मेंढी बसलेली असते.

पहिल्या सात सिन्नरहून आणल्या.
धुळाजी ठोंबरे तेव्हाच म्हणाला,
"पोरी, ही देशावरची जात.
ऊन दे, काटा दे, चार कोस चालव.
तुमच्या पेठेच्या पाण्यात नको."
ऐकलं नाही. अनुदानाचा अर्ज भरून झाला होता.

आषाढात लोकर पाणी प्यायली.
जेवढी मेंढी, तेवढंच पाणी अंगावर.
पाच गेल्या.
वहीत पाच आडव्या रेघा, शाई फुटलेली.

उरल्या दोन. एक लंगडी.
दुसरी कुरूप: पोट उघडं, पाठीवर शेळीसारखे आखूड केस.
पाऊस तिच्यावरून कौलावरून उतरावा तसा उतरायचा.
हरसूलच्या बाजारात तिच्याच तोंडवळ्याचा
एक मेंढा शोधला. भाव करावा लागला नाही,
कुणाला नकोच होता.

बानं बांबू चिरून मचाण घातलं,
फटी एवढ्या की लेंडी पडावी, खूर अडकू नये.
हे माप सापडेस्तोवर एका कोकराचा पाय मोडला.

दव उतरल्याशिवाय सोडत नाही.
आंब्याच्या कलमांखाली आज चरल्या
तिथं पुढं दोन महिने पाऊल नाही,
गवताला त्यांना विसरू द्यायचं.
पापणी उलटून बघते:
लाल असेल तर औषध नाही,
फिकी पडली तरच बाटली,
आणि वहीत नावापुढे फुली.
दोन फुल्या झाल्या की तिचं बीज ठेवायचं नाही,
कितीही लाडकी असो.
(लंगडीला तीन होत्या. विकली. त्या दिवशी जेवले नाही.)

यंदा घोटीचा व्यापारी तेवीस नंबरवर अडला.
रुंद छाती, खांद्यावर दाट लोकर.
मंजुळामावशी ओरडली, "अगं, हाच तर ठेवायचा!"
मी दोर त्याच्या हातात दिला.
चौदा नंबर मागे उभा होता,
बुटका, उघड्या अंगाचा,
दोन पावसाळे, एक फुली नाही.

दिवाळीनंतर धुळाजी आला.
बोलला काहीच नाही.
चौदाचा मागचा पाय उचलला,
नाकाशी नेला,
बराच वेळ तसाच वाकलेला.

मग चहा मागितला. साखर जरा जास्त.