उधारीचा रकाना

तासगावात, गणपती मंदिराच्या मागच्या बोळात
आमची गिरणी. गिरणीवर खोली.
खोलीत माझं ऑफिस, म्हणजे
एक दुमडतं टेबल, एक लॅपटॉप
आणि त्याच्या कळांच्या फटीत रोज नव्यानं बसणारं
ज्वारीचं पीठ.

चौघांची कंपनी आहे आमची.
साजिद बागवान मिरजेत, अभिनंदन चौगुले कुपवाडला,
रेणुका भोरे आष्ट्यात, बाळंतपणाला माहेरी.
कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याच्या पेट्या
कुणाच्या, किती, कधी आल्या,
एवढंच आम्ही मोबाईलवर दाखवतो.
एवढंच, असं म्हणायला सोपं आहे.

मीटिंगला बसताना मी
आवाज गाळायचं बटण दाबते.
साजिदनं शोधून दिलं ते, रोजचा पहिला तास फुकट.
दाबलं की खालची दहा अश्वशक्तीची मोटर,
पट्ट्याची फटफट, बायकांची बोलणी
सगळं चाळणीवर राहतं.
पलीकडे पोचते फक्त मी,
मैद्यासारखी.
नाशिकच्या गिऱ्हाइकाला वाटतं
मी कुठल्यातरी काचेच्या इमारतीत बसते.
अभिनंदन मात्र विचारतो कधीकधी,
"तू ओरडतेस कशाला?"
काय सांगू. आमच्या घरात
सगळे ओरडूनच बोलतात.
मला अंगाईसुद्धा ओरडून म्हटलेली.

एकदा अण्णा चहा घेऊन वर आले.
पडद्यावर आमचा फळा उघडा होता:
करायचं, चालू, झालं,
आणि खाली रंगीत कार्डांच्या उतरंडी.
बाकावर ओळीनं लावलेल्या डब्यांकडं बघावं
तसं त्यांनी बघितलं.
"चालूत अकरा?
आगं, दगड एक, तर दळण एक.
अकरा डबे एकदम वतल्यावर
कुणाच्या घरला काय जाईल?"
संध्याकाळी रेणुकाला विचारून
मी आठ कार्डं मागं सरकवली.
त्या आठवड्यात पहिल्यांदाच
काहीतरी खरोखर झालं.

रात्री हिशेबाच्या पानावर
चौघांचे चार रंगीत बाण फिरतात.
पहाटे तीनला रेणुकाचा जांभळा
एका चौकटीत बराच वेळ नुसता उभा असतो.
बाळ पाजतेय.
आम्ही त्या चौकटीला हात लावत नाही.

सोमवारी चारला लाईट गेली.
लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाईलचं,
कानांवर हेडफोन.
गिरणी थांबली हे मला कळलंच नाही.
मी साजिदला सांगत होते, नेहमीच्या आवाजात,
"ह्याही महिन्याचा पगार नको मला.
आधी रेणुकाचा टाक. तिसरा तर तिसरा.
अण्णांना मी सांगितलंय, वेळेवर होतो म्हणून."

खाली उतरले तर
बाकावर सात बायका,
सगळ्यांची नजर आपापल्या डब्याच्या झाकणावर.
शेवटी चंपाबाई माळी म्हणाल्या,
"नेट लई चांगलं चालतंय गं तुझं."

अण्णा दगडाला टाकी लावत होते.
ठक. ठक. वर बघितलं नाही.
"तुमच्या त्या फळ्यावर
उधारीचा रकाना कुठाय?"
"नाही."
"मग कसला धंदा करताय?
मांड की. नाव, तारीख, किती.
लाजायचं काय त्यात,
ह्या बाकावरच्या निम्म्या हायेत माझ्या वहीत."
बायका हसायला लागल्या
आणि तेवढ्यात लाईट आली,
पुढचं काही ऐकू आलं नाही.

रात्री मी चौथा रकाना आखला.
माझं नाव. तीन महिने.
साजिदचा हिरवा बाण आला, थांबला,
लांब गेला, परत आला.
खाली लिहिलं: साजिद, सात.
मग अभिनंदन, चार.

मला वाटत होतं, मी एकटीच.

जांभळा बाण अजून आला नव्हता.
वाट बघत बसले,
कळांतलं पीठ नखानं काढत.