गौण विषय

गुणपत्रिकेत तळाशी एक ओळ:
मुद्राचित्रण, गौण विषय, दोन क्रेडिट.
मुख्य विषय संख्याशास्त्र; तो घरी सांगता येतो.

गुरुवारी दुपारी
लिनोवर मी स्वतःचं नाव सरळच कोरलं
आणि कागदावर कालिंदी पाठमोरी उतरली,
ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झालेली, दीर्घ ऱ्हस्व.
बेहेरे मॅडम म्हणाल्या, "राहू दे, पुसू नकोस."
कोरलेलं पुसणार कसं?

मग तांबट आळीत पत्रा घ्यायला गेले.
वडक्यांनी ठोका थांबवून विचारलं,
"ह्याचं काय घडवणार?"
"ओरखडे," म्हटलं.
हसले नाहीत. कडा तेवढ्या घासून दिल्या, फुकट.

परीक्षेत नखांत शाई होती.
सरासरीच्या उत्तराखाली अंगठा उमटला,
तपासणाऱ्याने त्यालाही लाल गोल केला.

दिवाळीच्या सुट्टीत पहिला ठसा
वडक्यांना दाखवायला नेला.
चित्राकडे त्यांनी पाहिलंच नाही.
कागद उलटा केला,
पत्र्याच्या कडेची उठलेली चौकट
अंगठ्याने चाचपत गेले चारही बाजूंनी.
"दाब बसलाय," म्हणाले,
आणि पुन्हा घंगाळाकडे वळले.